शेवटचं एकत्र वास्तव्य

अर्जदार : श्रीमती अहिल्या गुणवंत नलावडे, वय वर्षे त्रेपन्न, धर्म हिंदू, व्यवसाय केंद्र सरकारची नोकरी, राहणार सरकारी क्वार्टर, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली. सदर अर्जदार ही उक्त पत्त्यावरील कायमची रहिवासी असून, उभय पक्षांचं शेवटचं एकत्र वास्तव्य याच पत्त्यावर झालेलं आहे. सबब सदर अर्ज चालवण्याचा अधिकार या न्यायालयास पोहोचतो.

हा मजकूर मूळ इंग्रजीत होता आणि तो भाटिया वकिलांनी सांगितला, त्यांच्या टायपिस्टानं बडवला. अहिल्याबाईंनी तो वाचला तेव्हा 'कायमची' या शब्दापाशी त्या थोड्या थबकल्या. सरकारी क्वार्टरला कायमचं म्हणणं म्हणजे वेटिंग रूमला माहेर म्हणण्यासारखं. पण भाटियाजी म्हणाले, "मॅडम, कोर्ट की भाषा है, दिल पे मत लीजिए," आणि त्यांनी सही केली. साल अठ्ठ्याण्णव.

त्रेपन्नाव्या वर्षी घटस्फोट मागावासा वाटावा असं त्यांच्या घरात काही घडलं नव्हतं. खरं तर काहीच घडत नव्हतं, हीच तक्रार होती. गुणवंतराव दारू पीत नव्हते, हात उचलत नव्हते, पगार लपवत नव्हते. ते फक्त बायकोशी बोलत नव्हते. कधीतरी राधा, म्हणजे मुलगी, दुसरी-तिसरीत असताना कशावरून तरी अबोला झाला. कशावरून ते पुढं दोघांनाही आठवेना, त्यामुळे तो मिटवायचा कसा हेही कळेना. मग राधा निरोप्या झाली. "राधा, आईला सांग, मी जेवून आलोय." "राधा, बाबांना विचार, कुठं." आर. के. पुरमच्या शाळेत हिंदी-इंग्रजीवर वाढलेल्या या मुलीचं घरातलं मराठी बहुतांशी या निरोपांवरच पोसलं गेलं. पंच्याण्णव साली तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि लक्ष्मीबाई नगरच्या त्या दोन खोल्यांतलं दळणवळण पूर्णच थांबलं.

तरी अहिल्याबाईंनी काही केलं नसतं. माणसं अशी राहतात. मंत्रालयाच्या त्यांच्या सेक्शनमध्येच दोघी-तिघी अशाच राहत होत्या. निमित्त झालं ते सेक्शनमधल्या एका बाईंच्या रिटायरमेंटचं. पेन्शनचे कागद भरताना त्या बाईंनी एक फोटो सगळ्यांना दाखवला. नवरा-बायकोचा एकत्र फोटो, खांद्याला खांदा. सरकारला तो लागतो. पेन्शनरानंतर पैसे कुणाला द्यायचे त्याचं तोंड सरकारला माहीत असावं लागतं. अहिल्याबाईंनी फोटो हातात घेतला, "छान आलाय," म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. दोन हजार पाच साली त्यांची पाळी होती. ज्या माणसानं आपल्याला मीठ मागायला मुलगी मध्ये घातली, त्याच्या खांद्याला खांदा लावून आपण सरकारपुढं हसायचं नाही, एवढं त्यांनी त्या दुपारी ठरवलं. जोडीनं फोटो मिळत नसेल तर वेगळाही चालतो, असा नियम होता. पण त्याचं कारण लेखी द्यावं लागे, आणि ते वाचणारा हेडक्लार्क दिल्लीतल्या मराठी मंडळाचा खजिनदार होता. घटस्फोट त्यापेक्षा खाजगी.

भाटियाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याच्या वागण्याबद्दल नव्हता.

"शादी कहाँ हुई?"

"कराडला. सातारा जिल्हा. महाराष्ट्र."

"साहब अभी रहते कहाँ हैं?"

"वैशाली. गाझियाबाद."

"और आखरी बार इकट्ठे कहाँ रहे?"

"यहीं. क्वार्टर में."

भाटियाजी खूश झाले. कायद्यानं तीनच दरवाजे दिलेत, ते म्हणाले. लग्न झालं तिथं जा, नाहीतर सामनेवाला राहतो तिथं, नाहीतर दोघं शेवटी एकत्र राहिलात तिथं. बायको आज एकटी कुठं राहते, हे कायदा विचारत नाही. कराडला जायला दीड दिवस. गाझियाबाद यमुनेपलीकडे, पण ते दुसरं राज्य. आपल्याला तिसरा दरवाजा, दिल्ली, एकदम बढिया. आणि नवरा दोन वर्षांपूर्वी तुम्हाला सोडून गेला, हे आपलं कारण.

मग त्यांनी, सवयीनं, चहा पिता पिता विचारलं, "वैशाली वाले घर में आप कभी रुकी तो नहीं?"

"तीन रात. वास्तुशांती के टाइम."

भाटियाजींनी कप खाली ठेवला.

त्या फ्लॅटची हकिकत सांगायला हवी. एक्याण्णवनंतर गुणवंतरावांना पंख फुटले. झेरॉक्सची मशीनं विकणारा माणूस एका नव्या कंपनीत एरिया मॅनेजर झाला, कमरेला पेजर आला, आणि सरकारी क्वार्टरचा रंग त्याच्या डोळ्यांना टोचू लागला. यमुनेपार तेव्हा शेतात मनोरे उगवत होते. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराला वळसा घालून गेलं की वैशाली : अर्धे रस्ते, अर्धी वीज, म्हशी पूर्ण. तिथं त्यांनी चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. कर्ज सरकारी, म्हणून अहिल्याबाईंचंही नाव लागलं. सह्यांसाठी कागद डायनिंग टेबलावर ठेवलेले असायचे, पेन आडवं ठेवून. त्या सही करायच्या, पेन उभं ठेवायच्या.

शहाण्णव साली ताबा मिळाला तेव्हा वास्तुशांतीसाठी कराडहून गुणवंतरावांच्या आई तानूबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, अंगानं काटक, आणि देवाधर्मात कायद्याहून कडक. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं आणि सुनेनंच. दोन, देवघरातले देव आता नव्या घरी आणायचे. मालकाचं घर झाल्यावर देवांनी सरकारी खोलीत राहायचं कारण नाही. तीन, लावलेला दिवा तीन रात्री विझू द्यायचा नाही आणि जोडीनं घर रिकामं सोडायचं नाही.

अहिल्याबाईंनी तिन्ही गोष्टी केल्या. खंडोबा, जोतिबा आणि भवानीचे चांदीचे टाक त्यांनी स्वतः पदराखाली धरून, बस बदलत, यमुनेपार नेले. सासू म्हणाली म्हणून. सासूशी त्यांचं काहीच वाकडं नव्हतं. उलट त्या घरात सरळ वाक्य बोलणारं ते एकच माणूस होतं. तीन रात्री त्या एका खोलीत तानूबाईंशेजारी झोपल्या, गुणवंतराव बाहेर सोफ्यावर. चौथ्या दिवशी सोमवार होता. त्या ऑफिसला गेल्या आणि संध्याकाळी नेहमीसारख्या लक्ष्मीबाई नगरला परतल्या. गुणवंतराव आले नाहीत. ते राहिले वैशालीला, आणि तानूबाईही. जातो म्हणायला किंवा येत नाही म्हणायला राधा नव्हती. त्यामुळे कोण कुणाला सोडून गेलं, हे त्या दिवशी कुणीच कुणाला सांगितलं नाही.

टाक आणायला त्या पुढच्या आठवड्यात गेल्या होत्या. तानूबाईंनी दारातच सांगितलं, "बसलेले देव उठवत न्हाईत पोरी. तू ये की हितं."

"ऑफिस लांब पडतं आई."

"मग ऱ्हाऊ देत देव. त्यास्नी कुठं ऑफिस हाय."

हे सगळं ऐकून भाटियाजींनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मॅडम, आखरी घर क्वार्टर है, तो वो छोड़ के गए. आखरी घर वैशाली है, तो छोड़ के आप आईं. समझीं आप? सिर्फ कोर्ट नहीं बदलता, कसूर भी बदल जाता है." मग त्यांनीच तोड काढली, "एक बैग ले के गई थीं ना? बस. मेहमान थीं आप. मेहमान."

स्वतःच्या कर्जाच्या घरात पाहुणी, हा खटल्याचा पाया ठरला.

दिल्लीच्या कोर्टात हा एकच मुद्दा तीन वर्षं चालला : उभय पक्ष शेवटी कुठं राहत होते. अबोल्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. गुणवंतरावांना घटस्फोट नको होता असंही नाही. पण नोटीस आली, वकील लावला, आणि वकिलानं पहिली हरकत घेतली ती जागेची, कारण वकील पहिली हरकत जागेचीच घेतात. मग ती मागे कशी घ्यायची हे कुणाला विचारणार.

पुण्याहून राधाचा फोन यायचा. "आई, तू नक्की काय prove करतेयस?"

"तुझे बाबा इथं राहत होते हे."

"अगं पण ते तर मला पण माहितीय, यार."

"तुला माहीत असून उपयोग नाही. कोर्टाला पटायला हवं. देव तिकडे आहेत म्हणून घर तिकडे, असं म्हणतायत ते."

"कुठले देव? ते सिल्व्हरचे छोटे प्लेट्स?"

"टाक म्हणतात त्यांना."

"हां, तेच."

साक्षीला तानूबाई आल्या. मुलाच्या बाजूच्या साक्षीदार. त्यांचं हिंदी म्हणजे कराडच्या मराठीला 'है' लावलेलं, पण कोर्टाला ते पुरलं. गुणवंतरावांच्या वकिलानं विचारलं, "माताजी, बहू वैशाली में रही थी?"

"रही की. तीन रात रही. सून है, रहेगीच."

भाटियाजी उलटतपासणीला उठले. "मेहमान की तरह आई थी ना?"

तानूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की भाटियाजींनी टाय चाचपला. "मेहमान दूध उतू घालता है क्या? उसने घाला. देव कोण लाया? वो लाई. पदर में." मग न्यायाधीशांकडे वळून, तेच काय ते शहाणे दिसतात अशा आवाजात, "साहेब, जहाँ देव, वहाँ घर. और क्या."

सगळं खरं होतं. अहिल्याबाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या आणि त्यांना खोडून काढावं असं एकही वाक्य सापडेना. बाहेर व्हरांड्यात तानूबाई त्यांच्याजवळ येऊन टेकल्या. "खाल्लंस का काय? धपाटी हायत." दोघींनी धपाटी खाल्ली. गुणवंतराव जरा लांब खांबाशी उभे होते. तानूबाईंनी त्यांना एक गुंडाळून दिलं.

"खोटं का बोलला नाहीत आई?" अहिल्याबाईंनी विचारलं. तक्रार नव्हती, नुसतं कुतूहल.

"कशापायी? तू ऱ्हायली न्हाईस का?"

"राहिले."

"मग."

निकाल आला. कोर्टानं म्हटलं, की कुटुंबाचे कुलदेव विधिपूर्वक जिथं नेऊन बसवले, जिथं उभयतांच्या नावे घर आहे, तिथं वास्तव्याचा हेतू दिसतो. राहण्याचा काळ थोडा असला तरी हेतू महत्त्वाचा. अर्ज योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत. क्वार्टरचं रेशनकार्ड, गॅसची पावती, वीजबिलं, सगळं अहिल्याबाईंनी लावलं होतं. देवांकडे रेशनकार्ड कुणी मागितलं नाही.

मग गाझियाबाद. दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्या गेल्या. तिथं आता मांडायचं काय, हाच प्रश्न होता, कारण तिथल्या हिशेबानं सोडून आलेल्या त्याच होत्या. पण त्याच्याही आधी वेगळी अडचण निघाली. रजा संपत आलेली. केंद्र सरकारला शनिवार-रविवार सुट्टी. म्हणून त्यांनी वकिलाला विनवून शनिवारची तारीख मागितली. वकील हसला. पश्चिम उत्तर प्रदेशातले वकील शनिवारी काम करत नाहीत, वर्षानुवर्षं. का? तर त्यांचं हायकोर्ट अलाहाबादला आहे आणि ते फार लांब पडतं, जवळ बेंच द्या, ही मागणी. अहिल्याबाई कोर्टाच्या आवारात बंद टेबलांच्या रांगेपुढं उभ्या राहिल्या. कोर्ट लांब पडतं ही तक्रार त्यांना चांगलीच समजत होती. त्यामुळे रागावताही येईना.

तारखा पडत गेल्या, त्या काहींना गेल्या, काहींना नाही, आणि गैरहजेरीमुळे अर्ज निकाली निघाला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. राधानंही विचारणं सोडलं होतं.

दोन हजार तीन सालच्या शेवटी भाटियाजींचा फोन आला, ऑफिसात. "मॅडम, बधाई हो. कानून बदल गया. अब पत्नी जहाँ रहती है, वहीं केस कर सकती है. आप बस ये बताइए, रहती कहाँ हैं?"

"लक्ष्मीबाई नगर."

"बिल्कुल. बस इतना ही चाहिए था."

पाच वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर कुणाला नको होतं, त्याचं उत्तर आता पुरेसं होतं. चौथा दरवाजा. अहिल्याबाईंनी पुन्हा अर्ज केला. तोच मजकूर, कायमची रहिवासी वगैरे, फक्त वय वाढवून. पण कोर्ट कोर्टाच्या चालीनं चालतं, आणि रिटायरमेंट कॅलेंडरच्या. दोन हजार पाचच्या सुरुवातीला हेडक्लार्क, तोच खजिनदार, टेबलाशी येऊन उभा राहिला. "नलावडेबाई, पेन्शनचे पेपर्स आठ महिने आधी लागतात. तुमचा जॉइंट फोटो तेवढा राहिलाय. नलावडेसाहेब दिसले नाहीत बरेच दिवस, मंडळाच्या गणपतीला पण. बरे आहेत ना?"

"बरे आहेत," अहिल्याबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी राधाला फोन केला आणि दहा वर्षांनी पुन्हा एक निरोप सांगितला. "बाबांना सांग, शनिवारी सरोजिनी नगरला, फोटो स्टुडिओ. पेन्शनसाठी."

राधानं निरोप ऐकून घेतला. मग म्हणाली, "आई, मी तीस वर्षांची झाले."

"माहितीये. सांग एवढं."

गुणवंतराव आले. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा. स्टुडिओत दोन स्टुलं होती. ते बसले, त्या बसल्या. फोटोग्राफरनं डोकं वर काढलं. "अंकलजी, थोड़ा पास. इतनी जगह में तो एक और बैठ जाए."

गुणवंतराव हलले नाहीत. मग, अगदी सहज, फोटोग्राफरकडे बघून म्हणाले, "इनसे कहो, पल्लू कैमरे में ठीक नहीं आ रहा."

"इनसे कहिए," अहिल्याबाई म्हणाल्या, "चश्मा उतारें, काँच चमकती है."

फोटोग्राफर आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. "मैं बोलूँ? आप लोग बगल में तो बैठे हो."

गुणवंतरावांनी चष्मा काढला. अहिल्याबाईंनी पदर सारखा केला आणि त्या स्टूल घेऊन थोड्या सरकल्या. फोटो निघाला. सेक्शनमधल्या त्या बाईंच्या फोटोसारखाच आला, खांद्याला खांदा, आणि सात वर्षं जे टाळण्यासाठी अहिल्याबाई दोन राज्यांची कोर्टं फिरल्या ते दोन मिनिटांत उरकलं.

बाहेर चहाच्या गाडीशी दोघं उभे राहिले, कारण प्रिंटला वेळ होता.

"मी गुडगावला शिफ्ट होतोय," गुणवंतराव म्हणाले. आवाज थोडा गंजलेला. "कंपनीनं दिलंय घर. वैशाली तू घे."

"आणि केस?"

"दोघांच्या मर्जीनं करू. मला काय." त्यांनी ग्लास फिरवला. "तू राधाला नुसतं सांगितलं असतंस ना, तरी चाललं असतं मला. आधीच."

"मला वाटलं, तुम्ही लढताय."

"मला वाटलं, तू."

अहिल्याबाईंनी चहा संपवला. "आई कुठं जाणार?"

"गुडगावला न्यायला गेलो होतो. येत नाही. देव उठवत नाहीत म्हणते."

संमतीचा अर्ज तीनचार पानी होता. फ्लॅट अर्जदाराच्या नावे, उभयतांची एकमेकांविरुद्ध अन्य मागणी नाही, वगैरे. फ्लॅटमध्ये एक सासू आणि तीन देव होते. त्यांच्याबद्दल एकाही कलमात काही नव्हतं. भाटियाजींना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ये सब फिक्स्चर में, मकान के साथ आ जाता है."

संमती दिल्यावर कायदा सहा महिने थांबायला लावतो, मन बदललं तर असावं म्हणून. त्या सहा महिन्यांत मन बदललं नाही, अहिल्याबाई रिटायर झाल्या. सेक्शननं शाल दिली. क्वार्टर आणखी चार महिने ठेवता येतो, तेवढे ठेवून त्यांनी किल्ली जमा केली, भिंतीवरचे खिळे उपटून घेतले आणि चौकशी कार्यालयाची ना-हरकत घेतली. टेम्पो यमुनेपार निघाला. चौथ्या मजल्यावर तानूबाई दार उघडून उभ्या होत्या, हातात दुधाचं भांडं.

"परत?" अहिल्याबाई म्हणाल्या.

"मागल्या खेपी राहायला आली न्हवतीस," तानूबाई म्हणाल्या.

हुकूमनामा नंतरच्या महिन्यात झाला. त्यात म्हटलं होतं, की उभय पक्षांमधला विवाह या हुकुमान्वये संपुष्टात येत आहे. अर्जदार श्रीमती अहिल्या नलावडे ही लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली येथील कायमची रहिवासी असल्यामुळे सदर न्यायालयास अधिकार पोहोचतो.

नक्कल घ्यायला त्यांना वैशालीहून दोन बसा बदलाव्या लागल्या.